कप्तान म्हणून हुकलेला रणजी करंडक कोच म्हणून सहा वेळा जिंकणारे चंद्रकांत पंडित

मुंबईहून एक्सप्रेसवेने निघालात, बोरघाट चढून लोणावळा मागे टाकलंत आणि तळेगावही गेलं, की पुणे यायच्या आधी एक मोठं क्रिकेट स्टेडियम दिसतं. टीव्हीवर सगळे त्याला पुण्याचं स्टेडियम म्हणतात. पण ते ज्या गहुंजे गावात आहे, ते पवना नदीकाठचं गाव मावळ तालुक्यात येतं.

२६ फेब्रुवारी २०१६ या दिवशी याच मैदानावर मुंबईने सौराष्ट्राला डावाने हरवलं आणि ४१व्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या मुंबई संघाचे कोच होते चंद्रकांत पंडित. पुढच्या मोसमात मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली, पण हरली. त्यानंतर पंडितांची मुंबईची नोकरी गेली.

पुढे काय झालं ते बघा. ज्या विदर्भाने ६० वर्षांत एकदाही रणजी जिंकली नव्हती, तो संघ पंडितांनी सलग दोन वर्षं चॅम्पियन केला. मग मध्य प्रदेशला पहिला करंडक मिळवून दिला आणि तोही अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवून.

कोच म्हणून सहा रणजी करंडक, तीन वेगवेगळ्या संघांसोबत. खेळाडू म्हणून मात्र पाच कसोटी सामने आणि ३६ वनडे. खेळताना जे फारसं मिळालं नाही, ते या माणसाने कोच होऊन कसं मिळवलं, आणि त्याच्या पद्धतीची मर्यादा कुठे लागली, हे समजून घेऊ.

आचरेकर सरांचा विद्यार्थी

चंद्रकांत सीताराम पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ चा, मुंबईतला. क्रिकेट शिकले ते शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकर सरांकडे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, लालचंद राजपूत, बलविंदर संधू, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार, अमोल मुझुमदार ही सगळी याच शाळेची नावं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्वतः आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. तरीही त्यांच्या हाताखालून भारताला इतके खेळाडू मिळाले, की १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. मोठा खेळाडू असणं आणि मोठा कोच असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पंडितांनी लहानपणीच डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुंबईच्या क्रिकेटला एक विशेषण कायम लावलं जातं, ते म्हणजे खडूस. खडूस म्हणजे विकेट फुकट न देणारा, शतक झाल्यावरही पुन्हा गार्ड घेऊन उभा राहणारा, समोरचा संघ कमकुवत असला तरी दया न दाखवणारा. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं मुंबईने रणजी जिंकली ती याच स्वभावावर. पंडित त्या परंपरेत वाढले आणि पुढे हाच स्वभाव त्यांनी मुंबईबाहेर नेला.

भारताकडून: १९८६ ते १९९२

पंडित विकेटकीपर आणि फलंदाज. एप्रिल १९८६ मध्ये शारजात त्यांनी पहिला वनडे सामना खेळला. जून १९८६ मध्ये इंग्लंडला लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर कसोटी पदार्पण झालं. कपिल देवच्या संघाने ती कसोटी जिंकली आणि मालिकाही २-० अशी खिशात घातली. पण त्या कसोटीत ग्लोव्हज किरण मोरेंच्या हातात होते आणि पंडित खेळत होते ते फलंदाज म्हणून.

पंडितांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची अडचण यातच कळते. संघात विकेटकीपरची जागा एकच असते. सय्यद किरमाणींनंतर ती जागा मोरेंनी पक्की केली आणि ते ४९ कसोटी खेळले. पंडितांना संधी मिळायची ती कुणी जखमी झालं किंवा आजारी पडलं तरच.

१९८७ च्या वर्ल्डकपमध्येही तेच झालं. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना होता. दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि पंडितांना घेण्यात आलं. ग्रॅहॅम गूचने स्वीप मारून मारून ११५ धावा काढल्या, तो हाच सामना. पंडितांनी २४ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला आणि वर्ल्डकपचं स्वप्न घरच्या मैदानावर संपलं.

त्यांची शेवटची कसोटी १९९२ च्या जानेवारीत ॲडलेडला झाली. पाच कसोटींत १७१ धावा, सर्वाधिक ३९. आकडे एवढेच.

देशांतर्गत क्रिकेटमधले आकडे मात्र वेगळं सांगतात. १३८ प्रथम श्रेणी सामने, आठ हजारांच्या वर धावा आणि २२ शतकं. म्हणजे खेळाडू कच्चा नव्हता, जागा नव्हती.

'प्रोफेशनल' म्हणजे काय?

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मुंबई सोडून आसाम आणि मध्य प्रदेशकडून खेळले. रणजीत अशा खेळाडूंना 'प्रोफेशनल' म्हणतात. एखाद्या राज्याचा संघ दुसऱ्या राज्यातले अनुभवी खेळाडू मानधन देऊन आपल्याकडे बोलावतो. अशा पाहुण्या खेळाडूंची संख्या तीनपर्यंत मर्यादित असते.

या पाहुण्याचं काम फक्त धावा काढायचं नसतं. ज्या संघाला जिंकायची सवय नाही, त्यातल्या पोरांना जिंकणारा संघ कसा वागतो ते दाखवायचं असतं. सरावाला किती वाजता यायचं, नेटमध्ये किती वेळ घालवायचा, सामना हातातून निसटताना काय करायचं, हे सगळं. खरं म्हणजे ही अर्धी कोचचीच नोकरी. पंडितांचं प्रशिक्षण इथूनच सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

१९९९: चिन्नास्वामीवर काय घडलं?

१९९८-९९ च्या मोसमात पंडित मध्य प्रदेशचे कप्तान होते. इंदूरच्या होळकर संघाने जुन्या काळी चार वेळा रणजी जिंकली होती. पण त्यानंतर आलेल्या मध्य प्रदेशच्या नावावर एकही करंडक नव्हता. पंडितांच्या कप्तानीत हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर कर्नाटक आणि मैदान बंगळुरूचं चिन्नास्वामी, म्हणजे कर्नाटकचं घर.

पुढची गोष्ट समजण्यासाठी रणजीचा एक नियम माहीत हवा. अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो संघ विजेता ठरतो. म्हणून पहिल्या डावाची आघाडी हे रणजीतलं सोनं असतं. ती हातात आली, की उरलेला वेळ काढला तरी करंडक तुमचा.

मध्य प्रदेशने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता, तर करंडक त्यांचाच होता. पण शेवटच्या डावात विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे संघ कोसळला. भारद्वाजने सहा बळी घेतले आणि मध्य प्रदेश ९६ धावांनी हरला.

करंडकाला हात लागत असताना तो निसटला. कप्तान म्हणून पंडितांना पुन्हा तशी संधी मिळाली नाही. ही हार त्यांच्या मनात किती खोल होती, ते सगळ्यांना २३ वर्षांनी दिसलं.

कोचची पहिली खेळी: मुंबई

खेळणं थांबवल्यावर पंडित मुंबईचे कोच झाले आणि आल्या आल्या निकाल दिला. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक मुंबईने जिंकले. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर तमिळनाडू होता.

मधल्या काळात त्यांनी राजस्थान आणि केरळ यांच्यासोबतही काम केलं. पण त्यांचं नाव पुन्हा देशभर चर्चेत आलं ते मुंबईकडे परतल्यावर, २०१५-१६ च्या मोसमात.

गहुंजे, २०१६

२४ फेब्रुवारी २०१६ ला गहुंजेत अंतिम सामना सुरू झाला. पाच दिवसांचा सामना मुंबईने तीन दिवसांत संपवला.

सौराष्ट्राचा पहिला डाव २३५ वर आटोपला, धवल कुलकर्णीने पाच बळी घेतले. मग श्रेयस अय्यरने ११७ धावा ठोकल्या. त्या मोसमात त्याच्या एकूण १,३२१ धावा झाल्या. तरीही मुंबईची आघाडी मोठी होईल असं वाटत नव्हतं. तेव्हा सिद्धेश लाडने अकराव्या क्रमांकाच्या बलविंदर संधू ज्युनियरला हाताशी धरून शेवटच्या विकेटसाठी शंभरच्या वर भागीदारी केली. लाड स्वतः ८८ वर बाद झाला. मुंबई ३७१. सौराष्ट्राचा दुसरा डाव शार्दूल ठाकूरने पाच बळी घेऊन ११५ वर गुंडाळला. मुंबई एक डाव आणि २१ धावांनी विजयी.

शेवटच्या विकेटची ती भागीदारी म्हणजे खडूसपणाचा चांगला नमुना. नऊ गडी बाद झाल्यावर बहुतेक संघ चार फटके मारून डाव संपवतात. मुंबईने तिथेच सामना संपवला.

आदित्य तरेच्या कप्तानीतल्या या संघात सूर्यकुमार यादवही होता. पुढच्या दहा वर्षांत यातली कितीतरी नावं भारताच्या जर्सीत आणि आयपीएलमध्ये दिसली.

अंतिम सामना हरले आणि नोकरी गेली

पुढच्या मोसमात, २०१६-१७ मध्ये, मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली. वाटेत एक धाडसी निर्णय झाला. तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १७ वर्षांच्या पृथ्वी शॉला थेट पदार्पण मिळालं आणि त्याने दुसऱ्या डावात १२० धावा केल्या.

इंदूरच्या अंतिम सामन्यात मात्र पार्थिव पटेलने ९० आणि १४३ धावा करून गुजरातला पहिला करंडक मिळवून दिला. गुजरातने चौथ्या डावात ३१२ धावांचं लक्ष्य गाठलं.

एक करंडक आणि एक उपविजेतेपद. दुसऱ्या कुठल्याही संघात यावर कोचचा सत्कार झाला असता. मुंबईत करंडक हीच किमान अपेक्षा असते. २०१७ मध्ये मुंबईने पंडितांच्या जागी समीर दिघेंना कोच नेमलं. दिघेसुद्धा आचरेकर सरांचेच विद्यार्थी आणि तेही विकेटकीपर.

विदर्भ: ६० वर्षांची कोरी पाटी

विदर्भ रणजीत उतरला तो १९५७-५८ मध्ये. त्यानंतर ६० वर्षं झाली, पण करंडक सोडा, हा संघ कधी उपांत्य फेरीतही पोहोचला नव्हता. नागपूरकडे जामठ्याचं मोठं स्टेडियम होतं, तरुण गुणी पोरं होती. मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश हे 'प्रोफेशनल' होते. कप्तान होता घरचाच फैज फजल. गोलंदाजीचे कोच होते भारताकडून खेळलेले सुब्रतो बॅनर्जी. २०१७-१८ च्या मोसमाआधी या सगळ्यांवर पंडित आले.

कोलकात्यात कर्नाटकविरुद्ध उपांत्य सामना विदर्भाने अवघ्या पाच धावांनी जिंकला. इंजिनिअरिंग केलेल्या रजनीश गुरबानीने शेवटच्या डावात ६८ धावांत सात बळी घेतले. एखाद्या संघाला मोठं होताना असा एक सामना लागतो, जो हरता हरता जिंकला जातो. विदर्भाला तो इथे मिळाला.

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीविरुद्ध. म्हणजे जिथे वर्षभरापूर्वी पंडितांची मुंबई हरली होती, तेच मैदान. गुरबानीने पहिल्याच डावात हॅट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्रिक. पहिला रणजी मोसम खेळणाऱ्या अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने नऊ गडी राखून सामना जिंकला.

नशिबाचा भाग म्हणून सोडून द्यावं, तर पुढच्याच वर्षी विदर्भाने पुन्हा तेच केलं. २०१८-१९ मध्ये जाफरने चाळिशी ओलांडलेली असताना मोसमात हजारावर धावा काढल्या. नागपूरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राकडून चेतेश्वर पुजारा खेळत होता. आदित्य सरवटेने त्याला दोन्ही डावांत बाद केलं, एकदा १ वर आणि एकदा शून्यावर. सरवटेचे सामन्यात ११ बळी, विदर्भ ७८ धावांनी विजयी. दोन्ही वर्षी विदर्भाने इराणी करंडकही जिंकला.

मध्य प्रदेश: २३ वर्षांनी तेच मैदान

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कोच झाले. म्हणजे ज्या संघाचे ते १९९९ साली कप्तान होते, त्याच संघाकडे परत.

२०२१-२२ च्या मोसमात संघ अंतिम फेरीत पोहोचला, १९९९ नंतर पहिल्यांदाच. सामना होता बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर, तेच मैदान. समोर मुंबई. मुंबईचा कप्तान पृथ्वी शॉ, ज्याचं रणजी पदार्पण पंडित कोच असताना झालं होतं. मुंबईचे कोच अमोल मुझुमदार, म्हणजे पुन्हा आचरेकर सरांचेच विद्यार्थी. शिवाजी पार्कच्या एकाच शाळेतले दोघे जण समोरासमोर.

मध्य प्रदेशचे व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान भारतीय संघासोबत होते, म्हणजे दोन मोठी नावं कमी. मुंबईने सरफराज खानच्या १३४ धावांवर ३७४ केल्या. उत्तर म्हणून मध्य प्रदेशच्या तिघांनी शतकं केली: यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. धावसंख्या ५३६ आणि आघाडी १६२ ची.

आघाडी मिळाली होती, पण १९९९ साली आघाडी असूनही हरल्याची आठवण होतीच. यावेळी तसं झालं नाही. कुमार कार्तिकेयने दुसऱ्या डावात चार बळी घेतले, मुंबई २६९ वर संपली. १०८ धावांचं लक्ष्य मध्य प्रदेशने सहा गडी राखून गाठलं. २६ जून २०२२ ला मध्य प्रदेश पहिल्यांदा रणजी विजेता झाला.

विजयी धाव निघाल्यावर पंडित मैदानात आले आणि त्यांना रडू आवरलं नाही. त्यांनी वाकून जमिनीला नमस्कार केला. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. २३ वर्षांपूर्वी याच मैदानावर आपलं काहीतरी राहून गेलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. एरवी चेहऱ्यावरची रेष न हलू देणारा हा कोच त्या दिवशी सगळ्या देशाने रडताना पाहिला.

पंडितांची पद्धत नेमकी काय?

तीन संघ, तिन्ही वेगळे. मुंबईकडे परंपरा होती, विदर्भाकडे काहीच इतिहास नव्हता, मध्य प्रदेशकडे एक जुनी जखम होती. तरीही काही गोष्टी सगळीकडे सारख्या दिसतात.

पहिली, कडक शिस्त. सरावाची वेळ, फिटनेस, सामन्याची तयारी यात ते सूट देत नाहीत आणि मोठ्या नावालाही वेगळा न्याय लावत नाहीत. शाळेतल्या कडक मास्तरसारखी त्यांची ख्याती आहे.

दुसरी, निर्णयाची मोकळीक. राज्य संघटनांमध्ये कुणाला खेळवायचं यावर पुष्कळ लोकांचं मत असतं. पंडित काम स्वीकारताना संघाच्या बाबतीत मोकळा हात मागतात आणि निकालाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतात.

तिसरी, नवख्यांवर विश्वास. मोठ्या सामन्यात नवा खेळाडू उतरवायला ते घाबरत नाहीत. उपांत्य सामन्यातला पृथ्वी शॉ आणि पहिल्याच मोसमातला अक्षय वाडकर ही त्याची उदाहरणं.

रणजीत हे चालतं, याला कारण आहे. रणजीतला खेळाडू बहुतेक वेळा विशीतला असतो, त्याला पुढे जायचं असतं आणि कोच त्याच्यासोबत महिनोन्‌महिने असतो. चार-पाच दिवसांच्या सामन्यात कंटाळा न करता तेच तेच काम करत राहावं लागतं. अशा ठिकाणी कडक शिस्तीचा थेट फायदा होतो.

आयपीएलमध्ये काय झालं?

मध्य प्रदेशच्या विजयानंतर पंडितांनी एक जुनी गोष्ट सांगितली होती. दहा वर्षांपूर्वी शाहरुख खानशी त्यांची भेट झाली होती आणि कोलकाता नाइट रायडर्समध्ये सहायक म्हणून येण्याची संधी होती. पण परदेशी कोचच्या हाताखाली काम करणं मनाला पटलं नाही, म्हणून त्यांनी ते घेतलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कोलकात्याने त्यांना मुख्य कोच नेमलं, ब्रेंडन मॅक्युलमच्या जागी.

२०२३ मध्ये संघ सातवा आला. २०२४ मध्ये गौतम गंभीर मेंटॉर म्हणून आला आणि कप्तान होता श्रेयस अय्यर, म्हणजे गहुंजेच्या अंतिम सामन्यातला शतकवीर. २६ मे २०२४ ला चेन्नईत कोलकात्याने हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून आठ गडी राखून आयपीएल जिंकली.

पण विजयाचं बहुतेक श्रेय गंभीरच्या वाट्याला गेलं. त्यातच कोलकात्याकडून खेळलेला डेव्हिड विझे एका पॉडकास्टमध्ये बोलला. पंडितांची लष्करी थाटाची शिस्त परदेशी खेळाडूंना जाचक वाटली, जगभर लीग खेळणाऱ्यांना कसं वागायचं हे कुणी सांगावं असं वाटत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. २०२५ मध्ये संघ आठवा आला आणि जुलैमध्ये पंडित आणि कोलकाता वेगळे झाले. त्यांच्या जागी आला अभिषेक नायर, जो पंडितांच्या हाताखाली मुंबईकडून खेळला होता.

दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. दोन महिन्यांसाठी येणाऱ्या, पाच देशांत पाच संघांकडून खेळणाऱ्या तिशीतल्या खेळाडूला मास्तर नको असतो. रणजीत हातखंडा असलेली पद्धत इथे तशीच्या तशी लागू पडत नाही. तरीही आयपीएल जिंकणाऱ्या मोजक्या भारतीय मुख्य कोचमध्ये पंडितांचं नाव आहे, ही वस्तुस्थिती उरते.

कोच म्हणून रणजी करंडक: एका नजरेत

- २००२-०३: मुंबई, अंतिम सामन्यात तमिळनाडूवर विजय
- २००३-०४: मुंबई, तमिळनाडूवर विजय
- २०१५-१६: मुंबई, गहुंजेत सौराष्ट्रावर विजय
- २०१७-१८: विदर्भ, इंदूरला दिल्लीवर विजय
- २०१८-१९: विदर्भ, नागपूरला सौराष्ट्रावर विजय
- २०२१-२२: मध्य प्रदेश, बंगळुरूला मुंबईवर विजय

कोच गेल्यावर काय उरतं?

कडक कोचबद्दल नेहमी एक शंका घेतली जाते. तो असेपर्यंत संघ जिंकतो, तो गेला की पुन्हा जैसे थे. विदर्भाच्या बाबतीत याचं उत्तर आता आपल्यासमोर आहे.

२०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ ला, नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. तेव्हा कोच होते उस्मान घनी आणि कप्तान होता अक्षय वाडकर, ज्याने २०१८ च्या अंतिम सामन्यात १३३ धावा केल्या होत्या. ज्या संघाला उपांत्य फेरी माहीत नव्हती, त्याने आठ मोसमांत तीन करंडक जिंकले. यात विदर्भ क्रिकेट संघटनेचं, कप्तानांचं आणि खेळाडूंचं श्रेय मोठं आहेच. पण आपणही जिंकू शकतो हे त्यांना पहिल्यांदा पटलं, ते पंडित कोच असताना.

पंडितांसमोर बंगळुरूत हरलेल्या अमोल मुझुमदारांचंही पुढे चांगलं झालं. रणजीत धावांचे डोंगर रचून भारताकडून एकही सामना न मिळालेला हा खेळाडू भारतीय महिला संघाचा कोच झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्या संघाने वनडे वर्ल्डकप जिंकला.

पाच कसोटी खेळलेले पंडित, एकही न खेळलेले मुझुमदार आणि या दोघांना घडवणारे, प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले आचरेकर सर. एखादा माजी खेळाडू तुमच्या गावच्या मैदानावर पोरांना शिकवायला आला, की लोक आधी विचारतात, हा स्वतः किती खेळलाय? तेव्हा या तिघांचे आकडे सांगायला हरकत नाही.